पोलंडची ऑपेरा टूर बाबांसोबत करायचीये, कुणाला अनुभव?

पारिजात१२
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचत आलेय, प्रश्न पहिल्यांदाच टाकतेय, थोडा लांबलाय त्याबद्दल सॉरी. बाबा ऑक्टोबरमध्ये सत्तर पूर्ण करतायत. रिटायर झाल्यापासून त्यांना ऑपेराचं वेड लागलंय, सुरुवात झाली ती पिओत्र बेचावा या पोलिश टेनरच्या (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) आवाजाने, तेव्हापासून रोज संध्याकाळी हेडफोन लावून तासभर बसतात, मध्ये कुणी बोललेलं चालत नाही. मग ठरवलं की वाढदिवसाला त्यांना पोलंडलाच न्यायचं.

एक दहा दिवसांची गाईडेड टूर सापडलीये, वॉर्सा, क्राकुफ, व्रोत्सवाफ आणि पोझनान, चार शहरं चार प्रयोग, सोबत इंग्रजी बोलणारा गाईड. वॉर्साला ला त्राव्हियाता, क्राकुफला तोस्का, व्रोत्सवाफला 'हाल्का' नावाचं काहीतरी पोलिश आहे आणि पोझनानचं अजून ठरलेलं नाही म्हणतात. दुसऱ्या एका टूरमध्ये हॉटेलं जास्त चांगली आहेत, त्यात पोझनान नाही आणि हाल्काच्या जागी कार्मेन आहे. खरं सांगायचं तर मन दुसरीकडे झुकतंय कारण कार्मेन बाबांना पाठ आहे, पोलिशमधलं अडीच तीन तास काय कळणार असं वाटतं. बाबांचा एक गुडघा दुखतो, फार जिने नको. जाऊन आलेल्यांनी प्लीज मोकळेपणाने सांगा.

भटकी_वीणा
पारिजात ताई, आधी हे सांगते मग बाकीचं: कार्मेनसाठी हाल्का सोडू नका, प्लीज. कार्मेन जगात कुठेही बघायला मिळेल, दरवर्षी मिळेल. हाल्का पोलंडच्या बाहेर क्वचित लागतं आणि लागलं तरी ते तिथल्या लोकांमध्ये बसून बघण्यासारखं नसतं.

गोष्ट साधी आहे, आपल्याला तर लगेच कळेल अशी. डोंगरातली गरीब मुलगी हाल्का, तिला जमीनदार यानुशने फसवलेलं असतं, पोटात त्याचं मूल आणि त्याचा साखरपुडा झोफिया नावाच्या बड्या घरच्या मुलीशी चाललेला. हाल्कावर मनापासून प्रेम करणारा योन्तेक तिला सांगून सांगून थकतो की तो तुझा नाही, पण तिचा विश्वास सुटत नाही. शेवटच्या अंकात चर्चमध्ये लग्न लागत असतं, ती बाहेर उभी, चर्चला आग लावायची म्हणून पेटतं लाकूड हातात घेते, तेवढ्यात आतून प्रार्थनेचे सूर येतात आणि ती ते टाकून देते. मग नदीत उडी घेते. मी बघितलं तेव्हा ते लाकूड तिच्या हातातून गळून पडलं त्या क्षणी माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझा हात धरला, ओळख ना देख, आणि पडदा पडेपर्यंत सोडला नाही. भाषेचं म्हणाल तर मला पोलिशचा एक शब्द येत नव्हता.

आणि संगीत! स्तानिस्वाव मोन्युश्को त्याचा संगीतकार (1819 ते 1872), पोलिश राष्ट्रीय ऑपेराचा जनक मानतात त्याला. पहिल्या अंकात साखरपुड्याच्या मेजवानीत पोलोनेझ आणि मझूर, म्हणजे बड्या लोकांचे नाच, आणि तिसऱ्या अंकात डोंगरी लोकांचे नाच, हे दोन एकासमोर एक ठेवले की कोण कुणाच्या जिवावर नाचतंय हे वेगळं सांगावं लागत नाही. चौथ्या अंकात योन्तेकचं गाणं आहे, डोंगरमाथ्यावर फरची झाडं सळसळतायत अशा ओळीने सुरू होतं, ते बाबांना आत्ताच ऐकवा. बेचावाने पण गायलंय ते.

दुसरा_अंक
वीणा ताईंशी शंभर टक्के सहमत, त्यात एक भर घालतो कारण हे मला तिकडे गेल्यावर कळलं आणि तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

हाल्का आधी 1848 मध्ये विल्नोला म्हणजे आजच्या विल्नियसला दोन अंकांत झालं, तेही कॉन्सर्टसारखं, आणि वॉर्साला यायला त्याला पुढे दहा वर्षं लागली, 1 जानेवारी 1858 ला चार अंकी होऊन आलं. मग पुढचं बघा. पोझनानचं थिएटर जर्मनांनी बांधलेलं, 1910 साली मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'ने उघडलं. पहिलं महायुद्ध संपलं, पोलंड पुन्हा नकाशावर आला, 1919 च्या ऑगस्टमध्ये तेच थिएटर पोलिश म्हणून पुन्हा उघडलं तेव्हा पहिला प्रयोग कशाचा? हाल्का. 1945 च्या जूनमध्ये युद्ध संपून जेमतेम महिना उलटतोय तोच सायलेशियातल्या नव्या ऑपेरा कंपनीने कातोवित्सेला पहिला प्रयोग केला, हाल्का. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये व्रोत्सवाफला, जे तोवर ब्रेस्लाऊ नावाचं जर्मन शहर होतं आणि बरंचसं ढिगाऱ्यात होतं, तिथे पहिला पोलिश ऑपेरा, पुन्हा हाल्काच. म्हणजे घर आपलं झालं की पहिला दिवा कुठला लावायचा हे त्या लोकांचं ठरलेलं. तुमच्या टूरमध्ये नेमकं व्रोत्सवाफलाच हाल्का आहे! त्याच इमारतीत! हे सोडून चांगलं हॉटेल घेऊ नका हो.

आता प्रॅक्टिकल. मी अशाच एका ग्रुप टूरने गेलो होतो, कंपनीचं नाव घेत नाही. दुपारी शहर दाखवलं, मग सगळ्यांना एका रेस्टॉरंटमध्ये तीन कोर्सच्या जेवणाला बसवलं, प्रयोग सातचा, आणि स्वीट डिश यायलाच पावणेसात. गाईड म्हणत होता आहे वेळ आहे वेळ. आम्ही धावत पोचलो तेव्हा तिसरी घंटा होऊन गेली होती. आपल्याकडे तिसऱ्या घंटेनंतर अंधारात वाकून चाचपडत शिरतो तसं तिथे नाही, दारं बंद म्हणजे बंद, मध्यंतरापर्यंत बाहेर. बावीस जण लॉबीत उभे राहून भिंतीवरच्या टीव्हीवर पहिला अंक बघत होतो, आवाज इतका बारीक की घड्याळाची टिकटिक जास्त ऐकू येत होती. एक काकू रडल्या, त्या खास त्याच एका गायिकेसाठी आल्या होत्या. म्हणून टूरवाल्यांना लेखी विचारा, प्रयोगाच्या दिवशी जेवण कधी आणि थिएटरला किती वाजता पोचवणार. पाऊण तास आधी पोचलं पाहिजे.

पाऊण तास का, तर शात्न्या. म्हणजे कोट ठेवायची जागा. ऑक्टोबरात थंडी असते, सगळे कोट घालून येतात आणि कोट घेऊन आत जाऊ देत नाहीत, काउंटरला द्यायचा, नंबरचा बिल्ला घ्यायचा. प्रयोग सुटल्यावर तिथे ही गर्दी. काही थिएटरांत तिथेच छोटी दुर्बीण भाड्याने मिळते, बाबांसाठी जरूर घ्या, गाणाऱ्याचा चेहरा दिसला की भाषा निम्मी कळते.

तिकीट कुठलं ते पण आधीच विचारून ठेवा. 'पार्तेर' म्हणजे खालचा मजला, 'बाल्कोन' म्हणजे वरचा. गुडघ्यासाठी पार्तेर आणि रांगेच्या कडेची सीट मागा, पण अगदी पुढच्या दोन-तीन रांगा नको. भाषांतराच्या ओळी स्टेजच्या वर दिसतात, जवळ बसलं की मान वर करून करून दुखते. वॉर्साला पोलिशसोबत इंग्रजी ओळी पण असतात त्यामुळे ती चिंता सोडा.

पारिजात१२
बापरे, एवढ्या लवकर एवढं सगळं! वीणा ताई ते फरच्या झाडांचं गाणं आत्ताच बाबांना लावून दिलं, दोनदा ऐकलं त्यांनी, तिसऱ्यांदा लाव म्हणाले. अर्थ सांगितल्यावर गप्पच झाले.

आता वेगळीच शंका. टूरच्या पत्रकात क्राकुफच्या तोस्काच्या शेजारी एका अतिशय सुंदर जुन्या थिएटरचा फोटो आहे, सोनेरी कोरीवकाम, रंगवलेला पडदा वगैरे, बाबा त्या फोटोवर खूष आहेत. तोस्का तिथेच असेल ना? आणि मोन्युश्कोचं अजून काही ऐकण्यासारखं आहे का, पोझनानचं अजून ठरलं नाहीये तर आपण मागणी करू शकतो का?

पडद्यामागे
पारिजात, मी काही वर्षं व्रोत्सवाफला राहिलोय म्हणून लिहितोय. तुम्ही सांगताय तो फोटो स्वोवात्स्की थिएटरचा असणार. 1893 ला उघडलेलं, पॅरिसच्या ऑपेरावरून प्रेरणा घेतलेलं, हेन्रिक सिएमिराद्स्कीने रंगवलेला पडदा तिथलाच. पण ते नाटकाचं थिएटर आहे. क्राकुफ ऑपेरा पूर्वी तिथे प्रयोग करायचा, 2008 च्या शेवटी त्यांची स्वतःची नवी इमारत झाली लुबिच रस्त्यावर, स्टेशनपासून चालत जवळ, बाहेरून लालसर आणि एकदम आधुनिक. तोस्का बहुतेक करून तिथे असणार. आवाज तिथे छान लागतो, बसायला पण ऐसपैस आहे, गुडघ्याच्या दृष्टीने नवी इमारत बरीच. फक्त बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर पोचल्यावर हिरमुसतील, आणि स्वोवात्स्की निदान बाहेरून बघायला वेळ ठेवायला सांगा, जुन्या शहराच्या कडेलाच आहे. तिथून मारियात्स्की चर्चच्या चौकात जा. दर तासाला टॉवरवरून तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो, तो तसाच तुटायचा असतो, बाबांना कानाची आवड आहे तर त्यांनी ऐकावंच. क्राकुफलाच स्काऊका नावाच्या चर्चच्या तळघरात संगीतकार कारोल शिमानोव्स्की पुरलेला आहे. ऑपेरावाल्याने तिथे पाच मिनिटं उभं राहावं असं मला वाटतं. त्याचा 'क्रुल रोगेर' म्हणजे राजा रॉजर हा ऑपेरा 1926 मध्ये वॉर्साला पहिल्यांदा झाला, जेमतेम दीड तासाचा, पण सुरुवातीचा चर्चमधला कोरस अंगावर येतो. याच शिमानोव्स्कीने टागोरांच्या कवितांना पण चाली लावल्यात, बाबांना हे आवडेल कदाचित.

मोन्युश्कोचं दुसरं म्हणजे 'स्त्राश्नी द्वूर', झपाटलेला वाडा. हाल्का रडवतो, हा हसवतो, पण मध्ये एक जागा अशी आहे की हसू तिथेच थांबतं. दोन भाऊ लढाईवरून परत येतात, लग्न करायचं नाही अशी शपथ घेतलेली, आणि एका वाड्यात उतरतात जिथल्या दोघी बहिणी त्यांना भुतं बनून घाबरवायचं ठरवतात. तिसऱ्या अंकात रात्री कोपऱ्यातलं जुनं बंद पडलेलं घड्याळ आपोआप वाजायला लागतं, त्यातून पोलोनेझची सुरावट येते आणि त्या भावांपैकी स्तेफानला गेलेली आई आठवते, घर आठवतं. आता काळ लक्षात घ्या. 1865 चा सप्टेंबर, रशियन झारविरुद्धचा 1863 चा उठाव नुकताच चिरडलेला. वॉर्साच्या प्रेक्षकांना त्या घड्याळात काय ऐकू आलं असेल! तीन प्रयोग झाले आणि सेन्सॉरने बंद पाडला. आजही ते घड्याळ वाजायला लागलं की थिएटरमध्ये कुणी खोकत सुद्धा नाही, मी तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा तसंच.

पोझनानला कुठला प्रयोग हे टूरवाल्यांच्या हातात नसतं, थिएटरचं वेळापत्रक ठरतं त्यावर असतं. पण तुम्ही उलटं करू शकता. थिएटरची वेबसाइट स्वतः उघडून त्या आठवड्यात काय लागलंय बघा आणि मग टूरवाल्यांना म्हणा की एक दिवस इकडेतिकडे करा. आणि हेही तिथेच बघा की प्रयोग मूळ इमारतीतच आहे ना. जुन्या इमारतींची डागडुजी निघते तेव्हा मंडळी दुसऱ्या हॉलमध्ये प्रयोग करतात आणि पत्रकात फोटो मात्र जुनाच राहतो.

व्रोत्सवाफबद्दल मी पक्षपातीच आहे. ऑपेराची इमारत 1841 ची, लांगहान्स नावाच्या वास्तुकाराची, दोनदा जळाली, 1865 आणि 1871 मध्ये, दोन्ही वेळा पुन्हा उभी राहिली. आतला हॉल फार मोठा नाही त्यामुळे मागच्या रांगेतूनही गाणारा आपल्यासाठी गातोय असं वाटतं. या शहरात जर्मन संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर 1804 मध्ये सतराव्या वर्षी ऑपेराचा कंडक्टर म्हणून आला होता, जुन्या थिएटरमध्ये. वादकांना नवीन जागी बसवलं, तालमी वाढवल्या, म्हाताऱ्या वादकांना राग आला. एका रात्री तहान लागली म्हणून बाटलीतली वाइन समजून वडिलांनी ठेवलेलं अ‍ॅसिड प्यायला, जीव वाचला पण गाण्याचा आवाज कायमचा गेला. त्याआधी तो चांगला गायचा.

सांजवात
मी थोडी वेगळी बाजू मांडते. टूर कशाला, स्वतःच करा ना. पोलंडच्या ट्रेन खूप चांगल्या आहेत, वॉर्सा ते क्राकुफ पेंडोलिनोने, म्हणजे फास्ट ट्रेनने, अडीच तास, सीट नंबर तिकिटावरच असतो, लवकर काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. क्राकुफ ते व्रोत्सवाफ तीन-साडेतीन तास, तिथून पोझनान दोन तासांच्या आतबाहेर. आम्ही दोघी बहिणींनी असंच केलं, प्रयोगांच्या तारखा आधी लिहिल्या आणि शहरं त्याभोवती बसवली. वॉर्साला एका प्रयोगाला तर आयत्या वेळची 'वेइश्चुव्का' घेतली, म्हणजे प्रयोगाच्या आधी थोड्या झ्लॉटींत मिळणारा स्वस्त प्रवेश, जागा रिकामी राहिली तर बसायला मिळतं नाहीतर उभं राहायचं. सत्तरीच्या बाबांना ते नको, पण तुमच्यासारख्या तरुणांना चालेल.

शाकाहारी असाल तर 'पिएरोगी रुस्के' मागा, बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण असतं, फक्त वरून खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे टाकतात कधीकधी तर "बेझ मिएंसा" म्हणायचं. आणि प्रयोग दहा-साडेदहाला सुटतो तेव्हा बरीच किचन बंद झालेली असतात, चारच्या सुमारास नीट जेवून घ्या आणि रात्रीसाठी काहीतरी हॉटेलवर ठेवा. रविवारी बहुतेक मोठी दुकानं बंद असतात हे पण.

दुसरा_अंक
सांजवात ताई, एरवी मी पण हेच म्हटलं असतं, पण सत्तर वय, गुडघा आणि चार शहरांचं सामान, इथे टूरच बरी. फक्त टूर आपल्या अटींवर घ्यायची.

वॉर्साचं राहिलं. तेआत्र व्येल्की म्हणजे तिथलं ऑपेरा थिएटर बघताना समोरून एक मिनिट थांबा. अंतोनियो कोराझ्झी नावाच्या इटालियन वास्तुकाराने बांधलेलं, 1833 च्या फेब्रुवारीत रोस्सिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'ने उघडलं. 1939 च्या बॉम्बहल्ल्यात जवळजवळ सगळं गेलं, पुढचा दर्शनी भाग तेवढा उभा राहिला, आणि 1944 च्या उठावात त्याच भग्न भिंतींमध्ये जर्मनांनी शेकडो नागरिकांना मारलं. 1965 ला पुन्हा उघडलं तेव्हा आधीपेक्षा कितीतरी मोठं, अठराशेच्या आसपास खुर्च्या आणि स्टेज तर जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. छतावरचा चार घोड्यांचा रथ मात्र मूळ आराखड्यात असूनही 2002 मध्ये बसवला. आत त्राव्हियाता बघताना हे सगळं डोक्यात असलं की झुंबर पण वेगळं दिसतं.

तिथून पंधरा-वीस मिनिटं चालत मोन्ते कास्सिनो स्मारकाजवळ वळिवडेच्या छावणीची आठवण म्हणून स्मृतिशिळा आहे. महायुद्धात पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ राहिले होते ना, त्यांची. गाईड ग्रुपला तिथे नेईलच असं नाही, टॅक्सी करून जा, आणि बाबांना दगडावर कोल्हापूर वाचू द्या.

भटकी_वीणा
आणि शोपँ, पियानोचा तो पोलिश संगीतकार! त्याचं हृदय क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चे रस्त्यावरच्या होली क्रॉस चर्चच्या एका खांबात आहे, सगळे गाईड दाखवतात. पण ते हे सांगत नाहीत की तो ऑपेराचा केवढा वेडा होता. त्याचे गुरू एल्स्नर त्याला सारखं म्हणायचे पोलिश ऑपेरा लिही, त्याने कधी लिहिला नाही. कोन्स्तान्त्सिया ग्वाद्कोव्स्का नावाच्या गाणाऱ्या मुलीवर प्रेम होतं, 1830 च्या ऑक्टोबरमध्ये वॉर्सातल्या त्याच्या निरोपाच्या मैफलीत ती रोस्सिनी गायली, आणि मग तो गेला तो परत आलाच नाही. त्याचे नॉक्टर्न म्हणजे पियानोच्या संथ रचना ऐका, उजव्या हाताची धून सरळ सरळ गाणाऱ्या बाईची आहे, श्वास घ्यायच्या जागांसकट. ते चर्च बाबांना हे ऐकवून मग दाखवा.

पारिजात१२
काय लिहू कळत नाहीये, प्रत्येकाला वेगळं थँक्यू. ठरलं, पहिली टूर, हाल्कावाली. आज टूरवाल्यांना फोन केला आणि सगळं विचारलं: प्रयोगाच्या दिवशी जेवण चार वाजता, थिएटरला सव्वासहाला, चारही ठिकाणी पार्तेरच्या कडेच्या सीट, हे ते ईमेलवर लिहून देतायत. तोस्का लुबिच रस्त्यावरच्या नव्या इमारतीतच आहे, फोटो चुकून पडला म्हणाले. पोझनानची तारीख एक दिवस सरकवता येतेय का बघून मंगळवारी सांगतील.

पडद्यामागे दादा, तुमचं घड्याळाचं वाचून बाबांना तो तिसरा अंक शोधून दिला. हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले हे स्पीकरवर लाव, तुझ्या आईला पण ऐकू दे. आई आता म्हणतेय मी पण येते. तर आता दोन नाही, तीन सीट हव्यात, उद्या सकाळी परत फोन करते त्यांना.

पडद्यामागे
लगेच करा, कडेच्या सीट आधी संपतात. आणि आईंना पार्तेरमध्ये बाबांच्या शेजारची द्या, तुम्ही मागे बसलात तरी चालेल.